बंद इंजिनावर मोजलेलं तेल

मुलुंडच्या भर बाजारात बँडवाल्यांनी नुकतं कुठे नाचाचं गाणं धरलं होतं, आणि सहदेव तोरस्करची गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा. आधीच्या दोन वेळा त्याने किल्ली फिरवून ती चालू केली होती, नाचणाऱ्यांच्या गडबडीत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. या खेपेला मात्र ती ढिम्म. मागच्या सीटवर नवरानवरी मुंडावळ्या सावरत बसलेली, पुढे सगळा बँड खोळंबलेला, आणि सहदेव आपला किल्ली फिरवतोय, फिरवतोय.

“वरातीत गाडी बंद पडली गं बाई! अपशकुनच हा,” नवऱ्या मुलाची आत्या मोठ्यांदा म्हणाली, आणि झालं. शेवटी सुटाबुटातल्या पाच-सहा पाहुण्यांनी कोट काढले आणि गाडी घरापर्यंत ढकलत नेली. सहदेव स्टिअरिंग धरून खाली मान घालून बसला होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

गाडी तशी साधीसुधी नव्हती. चौसष्ट सालचं अमेरिकन मॉडेल, ताकाच्या रंगाचं, आणि लांबीला एवढं की गल्लीत वळवायचं तर माणसांना घराच्या पायऱ्यांवर चढून उभं राहावं लागे. डाव्या हाताला स्टिअरिंग. क्लच नावाची वस्तूच नाही. गिअर आपसूक पडायचे, तेही दोनच. सत्त्याऐंशी साली जो तो छोट्या नव्या गाड्यांच्या मागे लागला होता, पण वरातीला म्हणून मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत लोकांना हीच गाडी हवी असायची.

सहदेव तिचा मालक, ड्रायव्हर, धुणारा, पुसणारा, सगळं काही एकटाच. त्याला कुणी नव्हतं असं मात्र नाही. मुलगी होती, अनुपमा. आणि मुलुंडच्या बाजारात त्याच्या तोंडचं पाणी पळालं ते त्या आत्याबाईंच्या बोलण्याने नव्हे. माघातल्या दुसऱ्या रविवारी अनुपमाचं लग्न होतं आणि तिची वरात याच गाडीतून निघायची होती. पोरीच्या लग्नात बापाच्या वाट्याला आलेलं तेवढंच एक काम होतं.

तेवढंच एक का, ते सांगायला हवं.

सहदेव मूळचा देवगडकडचा. ऐन विशीत मुंबईला आला, गाडी शिकला आणि मुलुंडच्या एका शेठच्या बंगल्यावर ड्रायव्हर म्हणून चिकटला. भांडुपला भाड्याची खोली, बायको सुनंदा, आणि दोन वर्षांची अनू. संध्याकाळी सुटला की जिन्याखालूनच तो “अनू!” अशी जोरात हाक मारायचा. वरून “ओ” यायची, आणि मग ती पोरगी पायऱ्यांवर बसून बसून, एकेक पायरी घसरत खाली यायची. चाळीतल्या बायका हसायच्या. सहदेव एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, पण त्या हाकेपुरता त्याला कुठून आवाज फुटायचा कोण जाणे.

पुढच्याच वर्षी सुनंदा काविळीने गेली. शेठ म्हणाले, “तू बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायला ये, पण पोरगी-बिरगी नको.” सुनंदाची थोरली बहीण मालन लालबागला राहायची. तिचा नवरा चंद्रप्रकाश मिलमध्ये होता. त्यांना मूल नव्हतं. त्यांनी चार महिन्यांसाठी म्हणून अनूला नेलं, आणि ते चार महिने काही संपले नाहीत.

पहिल्या दिवाळीला सहदेव तिकडे गेला तर पोर त्याच्या गळ्यातच पडली. निघायच्या वेळी सोडेना. सदऱ्याचा खिसा धरून ठेवला होता, तो फाटून तिच्या मुठीत राहिला. आठ दिवसांनी मालनताई त्याला म्हणाली, “भावजी, तुम्ही येवन जातात आणि पोर दोन दिस जेवणा नाय. कित्याक तिच्या जिवाक घोर?” रागाने नाही म्हणाली बिचारी. पण सहदेवने ते काळजाला लावून घेतलं. तेव्हापासून दर दिवाळीला तो मिठाईचा पुडा घेऊन जायचा आणि उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. मालनताई म्हणायची, “आत येवा.” हा म्हणायचा, “नको ताई, गाडी उभी आहे.” मग विचारायचा, “अनू बरी ना?” ती म्हणायची, “बरी आसा.” की हा मागे वळला.

वीस वर्षं! मिल बंद पडली, मालन-चंद्रप्रकाश लालबाग सोडून चारकोपला सेक्टरातल्या घरात आले, उंबरा बदलला, पण बोलणं तेच. माणूस वाईट नव्हता हो. पण इतका मुखदुर्बळ बाप शोधून सापडायचा नाही. आपण लांब राहिलो म्हणून पोरगी सुखात वाढली, अशी त्याची पक्की समजूत होती, आणि ती खरी की खोटी हे त्याने कधी कुणाला विचारलं नाही. लहानपणी अनू त्याला “गाडीबाबा” म्हणायची. मोठी झाल्यावर तेही म्हणायची बंद झाली.

तेव्हा कन्यादान चंद्रप्रकाश आणि मालनच करणार होते, आणि त्यात वावगं काही नव्हतं. ज्यांनी वाढवलं त्यांनीच द्यावं, असं सहदेव स्वतःच म्हणाला होता. फक्त एवढंच म्हणाला, “वरातीला माझी गाडी आणीन.”

मुलुंडची बातमी तीन दिवसांत चारकोपला पोचली. चंद्रप्रकाश बस बदलत बदलत कांजूरमार्गला सहदेवच्या खोलीवर येऊन थडकला.

“सहदेव, माझ्या कानावर आलं ते खरं?”

“बंद पडते थोडी. करून घेतो.”

“हे बघ, सासरची माणसं बोलायला टपलेलीच असतात. भर बोरिवलीत तुझी गाडी थांबली तर जन्मभर अनूला ऐकवतील. तुझं-माझं सोड. लग्नाच्या आदल्या गुरुवारी गाडी घेऊन चारकोपला ये. मी पुढे चालतो, तू माझ्या पावलाने मागून चालव. सेक्टरला एक पुरी फेरी. बंद पडली तर मी दुसरी गाडी सांगणार. राग मानू नकोस.”

“नाही चंदूदादा. बरोबर आहे तुमचं.”

“वाईट वाटलं?”

“नाही,” सहदेव म्हणाला. वाटलं होतं, चांगलंच वाटलं होतं. पण बोलेल तर शपथ.

शेठ वारून अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या मुलांना पेट्रोल पिणारं हे धूड नको होतं, ते त्यांनी जुन्या ड्रायव्हरच्या गळ्यात मारलं, आणि सहदेवला वाटलं आपल्याला इनामच मिळालं. कांजूरमार्गला एका बंद कारखान्याच्या आवारात तो गाडी लावायचा आणि समोरच्याच खोलीत राहायचा. स्टोव्हवर एकदाच भात टाकायचा, तो दोन्ही वेळा पुरवायचा. वरात नसेल त्या दिवशी कधी कधी त्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो संध्याकाळी, तंबाखूच्या पुडीसाठी, पानवाल्याकडे. वरातीहून परत आला की सीटवरच्या अक्षता झाडून चिमण्यांना टाकायचा. नवरीच्या केसांतले आकडे, एखादं पैंजणाचं घुंगरू, रुमाल, असलं काहीबाही सापडायचं. ते तो एका डब्यात ठेवायचा, कुणी मागायला आलं तर असावं म्हणून. सहसा कुणी यायचं नाही.

आणि रोज सकाळी उजाडायच्या सुमाराला तो गाडीचं बॉनेट उघडायचा. पाणी बघायचं, बॅटरी बघायची, मग तेलाची पातळी दाखवणाऱ्या दोन कांड्या, एक इंजिनच्या काळ्या तेलाची, दुसरी गिअरच्या लाल तेलाची. काढायची, पुसायची, परत घालून बघायची. हे सगळं इंजिन चालू न करता. शेठची निजायची खोली पोर्चच्या वरच होती आणि ते आठपर्यंत झोपायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, “सकाळी घरघर ऐकू आली तर त्या दिवशी नोकरी गेली समज.” त्यामुळे सहदेव सगळं काही झोपलेल्या गाडीवर बघायला शिकला. आता शेठ नव्हते, बंगला नव्हता, तरी बॉनेट लावताना हा दोन्ही हातांनी हळूच दाबून लावायचा.

गाडीचं दुखणं मात्र विचित्र होतं. हमरस्त्यावर ती व्यवस्थित पळायची. माणसाच्या पावलाइतकी हळू केली, की इंजिन थरथरायचं, मागून पांढऱ्या धुराचा भपकारा यायचा आणि बंद. अलीकडे आणखी एक झालं होतं. पाय दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मागाहून, तिच्या सवडीने निघायची. वरात म्हणजे दोन तास माणसाच्या पावलाने चालणं. नेमकं तेच तिला जमेना.

भांडुपच्या मेकॅनिकने प्लग बदलले, पॉइंट बदलले, कार्बुरेटर पेट्रोलने धुऊन दिला. दोन दिवस बरे गेले, परत तेच. प्लग काढून बघितले तर तेलाने माखलेले. “काका, इंजिनच्या रिंगा गेल्या,” तो म्हणाला. “भंगारात द्या आता.” विक्रोळीच्या दुसऱ्याने इंजिनचा रेस वाढवून दिला. बंद पडेना खरी, पण गिअरात टाकल्या टाकल्या अशी हिसका मारून सुटायची, की वरातीत तिने पहिला बँडमास्तरच उडवला असता. गिअरबॉक्स कुणी बघितलाच नाही. बघणार कसा? सहदेव आधीच सांगून टाकायचा, “गिअरचं तेल मी रोज बघतो. फुल आहे.” रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं तर सकाळी त्यावर तेलाचा एक ठिपका नाही.

पौष सरत आला तसे सहदेवचे हातपाय गळाले. गुरुवारवर गुरुवार जात होते. अनू आपल्या गाडीतून नाही गेली, तर त्या लग्नात आपण कोण म्हणून उभे राहायचं, एवढाच विचार त्याला दिवसभर पुरायचा. जेवण जाईना. आणि अशाच एका दुपारी त्याला सीताराम मिस्त्रींची आठवण झाली.

शेठच्या काळी ही गाडी सीताराम मिस्त्रींच्या हातातली. परदेशी गाड्यांवर त्यांनी उभी हयात घालवली होती. आता ते घाटकोपरला भटवाडीत मुलाकडे असायचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सहदेव गाडी तीनदा बंद पडू देत कशीबशी तिथवर घेऊन गेला. म्हातारा काठी टेकत, त्याचा हात धरून खाली आला आणि गाडीच्या अंगावरून हात फिरवून म्हणाला, “अजून आहे होय ही! चालू कर.”

चालू केली. मिस्त्री मागे जाऊन वाकले आणि धुरात चक्क नाक खुपसलं.

“हे इंजिनचं तेल नाही जळत. त्याचा वास वेगळा. हे गिअरचं आहे.”

“गिअरचं तेल इंजिनात कसं जाईल मिस्त्री? आणि ते फुल आहे. रोज बघतो मी.”

“कसं बघतोस? दाखव.”

सहदेवने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि कांडी ओढली.

“थांब. इंजिन का बंद केलंस?”

“बघायचं म्हणजे... बंदच करायचं ना?”

“अरे देवा!” मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. “कुणी शिकवलं तुला हे?”

“शेठ झोपलेले असायचे,” सहदेव म्हणाला.

म्हातारा हसायला लागला, खोकला लागेपर्यंत हसला. मग सहदेव हसत नाहीये हे त्याला न दिसताही कळलं असावं.

“इंजिनचं तेल बंद करून बघतात, बाबा. हे नाही. हे बघायचं ते गाडी चांगली तापलेली असताना, इंजिन चालू ठेवून. बंद केलं की वर फिरणारं सगळं तेल खाली येऊन बसतं आणि कांडी भरलेली दिसते. खोटी दिसते. चालू कर, आणि आता काढ.”

सहदेवने चालू इंजिनावर कांडी काढली. ती कोरडी होती. टोकाला तेवढा एक करपलेला थेंब लोंबत होता.

“काय दिसतं?” मिस्त्रींनी विचारलं.

“काहीच नाही,” सहदेव म्हणाला. “एकवीस वर्षं मी हे असंच बघत आलो?”

“शेठ होते तोवर दर सहा महिन्यांनी मी बघायचो, म्हणून निभावलं. पुढे तू नुसता भरवशावर चालवलीस. तरी बरं, इतकी वर्षं टिकली ही बया.”

मग तेल जातं कुठे? मिस्त्रींनी त्याला पोतं अंथरून गाडीखाली घातलं आणि वरून सांगत राहिले. गिअरबॉक्सच्या अंगाला तंबाखूच्या डबीएवढी एक पत्र्याची डबी असते. तिच्यातून एक बारीक नळी वर इंजिनला जाते. इंजिन त्या नळीतून हवा ओढतं आणि त्या ओढीवरून गिअरला कळतं, कधी बदलायचं ते. डबीत एक रबरी पडदा असतो, तेल आणि हवा वेगळी ठेवणारा. “नळी उपट,” मिस्त्री म्हणाले. सहदेवने उपटली, आणि लाल तेलाची धार त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली.

“पडदा फाटलाय,” मिस्त्री म्हणाले. “इंजिन तेल पितंय. रोज थोडं थोडं. खाली ठिपका पडत नाही, कुणाला पत्ता लागत नाही. गाडी हळू केली की ओढ वाढते, तेल जास्त चढतं, इंजिनचा श्वास कोंडतो. झालं तुझं निदान.”

“नवी डबी मिळेल?”

“कुर्ल्याच्या भंगारात शोध, मिळाली तर मिळाली. घाई कसली आहे?”

“मुलीची वरात आहे. रविवारी.”

मिस्त्रींनी काठीवर दोन्ही हात ठेवले. “तुला मुलगी आहे? इतकी वर्षं तू माझ्याकडे गाडी घेऊन यायचास. तासन् तास बाकावर बसून राहायचास. कधी बोलला नाहीस रे.”

सहदेव गाडीखालीच होता. तो मनगटावरचं तेल पोत्याला पुसत राहिला.

“वरात कुठल्या गिअरात चालते?” मिस्त्रींनीच मग विचारलं.

“पहिल्या. दुसरा पडतच नाही.”

“मग नळीची दोन्ही तोंडं बंद करू. दुसरा गिअर उशिरा पडेल, दणका देऊन पडेल, पण तुझ्या पोरीच्या वरातीत तो पडायचाच नाही.”

सायकलच्या ट्यूबचे तुकडे, दोन पितळी स्क्रू आणि तार, एवढ्यावर काम झालं. मग चालू इंजिनावर, कांडी बघत बघत, लाल तेल घातलं. मिस्त्रींच्या सुनेने चहा आणला तो सहदेवने मडगार्डवर ठेवला. कपातला चहा हलत नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी चारकोपला चंद्रप्रकाश पांढरा लेंगा-सदरा घालून, हात मागे बांधून, गाडीच्या पुढे चालला. सहदेव मागे. लोक गॅलरीत येऊन बघायला लागले, हा काय प्रकार म्हणून. सेक्टरची फेरी पुरी झाली, वर आणखी अर्धी झाली, गाडी हूं की चूं नाही. “झकास चालतेय रे!” चंद्रप्रकाशने बॉनेटवर थाप मारली. मालनताई दारात आली. “भावजी, आत येवा. च्या घेवा.”

“नको ताई, गाडी चालू आहे. अनू बरी ना?”

“बरी आसा. मेंदी काढून घेता आसा आत.”

“बरं,” म्हणून सहदेव निघाला. आनंदात होता. विक्रोळी येईपर्यंत त्याला वाटत होतं की आपण काहीतरी विसरलो, पण काय ते आठवेना.

लग्न बोरिवलीच्या एका हॉलमध्ये. मंगलाष्टकं चालली होती तेव्हा सहदेव बाहेर होता. गाडीला झेंडूच्या माळा बांधत होते, सोडून कसं जायचं? कुणीतरी येता-जाता त्याच्या हातावर अक्षता ठेवल्या होत्या. आतून “सावधान” ऐकू आलं, वाजंत्री कडाडली, आणि हातातल्या अक्षता कुठे टाकाव्यात ते त्याला कळेना. त्याने त्या बॉनेटवर टाकल्या.

पाचच्या सुमाराला वरात निघाली. नवरा मुलगा नंदकिशोर, साधा, हसरा. तो आणि अनू मागे, आणि पुढच्या सीटवर सासरकडची कच्चीबच्ची. सहदेवने आरसा जरा वर करून घेतला. त्यात अनूच्या कपाळावरच्या मुंडावळ्या आणि डोळे दिसत होते. डोळे थेट सुनंदाचे. हे त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. बँड थांबला की गाडी थांबायची, नाच सरकला की सरकायची. चौकात पाव तास खोळंबा झाला तरी इंजिन एका लयीत चालू. गाडी एकदाही, अगदी एकदाही बंद पडली नाही.

दिवेलागणीला नवऱ्याच्या बिल्डिंगपाशी पोचले. कच्चीबच्ची उड्या मारून पळाली. वरून कुणी बाई ओरडली, “नवरीला उतरवू नका एवढ्यात, ओवाळायचं ताट तयार व्हायचंय!” नंदकिशोर बँडवाल्यांची बोळवण करायला उतरला. गाडीत दोघंच राहिली.

सहदेवचा हात सवयीने किल्लीवर गेला. तिथेच थांबला. इंजिन चालू राहू दिलं.

“अनू, बरी आहेस ना?”

“बरी आहे.”

वीस वर्षं दारात मिळालेलं उत्तर, तसंच्या तसं. सहदेव आरशात बघत राहिला. कोरडी कांडी हातात धरून आपण घाटकोपरला उभे होतो ते त्याला आठवलं.

“तसं नको,” तो म्हणाला. “खरं सांग.”

तिने डोळ्यांवरच्या मुंडावळ्या बाजूला सारल्या.

“राग आहे तुमचा,” ती म्हणाली. “दर दिवाळीला मी आतल्या खोलीत नवा फ्रॉक घालून बसायची. आई म्हणायची, जा, आलेत बघ. मी म्हणायची, नाही, ते आत येतील, मला हाक मारतील. तुम्ही दारातनंच विचारायचात आणि जायचात. पुढे साडी नेसायला लागले तरी बसायची. परवा गुरुवारी पण मेंदीचे हात घेऊन बसले होते.”

“तू रडायचीस म्हणून मी...”

“तीन वर्षांची होते हो मी तेव्हा!”

तेवढ्यात ताट घेऊन बायका आल्या, दार उघडलं, अनूने पदराने डोळे टिपले आणि ती उतरली. सासरी जाताना नवरी रडायचीच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

“ओ ड्रायव्हर, गाडी पुढे घ्या! मागे बस अडकलीय,” कुणीतरी काचेवर थापटलं.

सहदेवने गाडी गल्लीच्या टोकाला नेली. खाली उतरला, बॉनेट उघडलं, चालू इंजिनावर कांडी काढून बघितली. तेल बरोबर खुणेवर होतं. काही बिघडलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, निदान थांबायला कारण मिळालं असतं. सरळ कांजूरमार्गचा रस्ता धरायचा, सीटवरची फुलं झाडायची, भात टाकायचा. तो कांडी हातात घेऊन उभाच राहिला. मग कांडी जागेवर घातली, इंजिन बंद केलं, बॉनेट धाडकन आपटून लावलं आणि चालत बिल्डिंगकडे परत निघाला.

दारात चपलांचा ढीग होता. त्याने आपल्या काढल्या आणि उंबरा ओलांडून आत गेला. खोली माणसांनी गच्च. मालन-चंद्रप्रकाश हॉलवरूनच परतलेले, त्यामुळे ओळखीचं कुणी नाही. “कोण पाहिजे?” एका बाईने विचारलं. काय सांगायचं? सहदेवने मान वर केली, आणि जिन्याखालून मारायचा तशी, भसाड्या आवाजात, हाक मारली.

“अनू!”

खोली एकदम गप्प झाली. मग बायका खुदकन हसल्या.

“अहो, आता कुठली अनू?” ती बाई म्हणाली. “आत्ताच ताटात तांदळावर अंगठीने नाव काढलं. सुलक्षणा नाव ठेवलंय तिचं. घ्या, पेढा घ्या.”

“बरं, बरं,” सहदेव म्हणाला. पेढा हातात घेऊन तो मागे वळला. गलका परत सुरू झाला. कानशिलं तापली होती. दारापाशी येऊन तो पायाने आपल्या चपला चाचपायला लागला.

आतल्या खोलीतून, त्या सगळ्या गलक्यातून, मोठ्यांदा आणि स्वच्छ, “ओ” आली.

सहदेवने एक पाय चपलेत घातला होता, तो बाहेर काढला.